एका पंपाच्या भरवशावर

मासे पाळण्याचा छंद दिवाणखान्यातील एका काचपेटीपासून सुरू होतो आणि, घरच्या मंडळींनी वेळीच हरकत न घेतल्यास, मागील खोलीतील लोखंडी मांडणीवर रचलेल्या पंधरा-वीस टाक्यांपर्यंत जाऊन पोचतो, हे ज्यांनी गप्पी माशांच्या एका जोडीचा संसार सहा महिन्यांत वाढताना पाहिला आहे त्यांस निराळे सांगावयास नको. प्रत्येक टाकीस एक छोटा पंप, प्रत्येक पंपास एक वायर आणि त्या साऱ्या वायरींचा भार सोसत भिंतीवर लोंबकळणारा एक्स्टेन्शन बोर्ड, अशी या प्रपंचाची व्यवस्था झाली, म्हणजे केव्हातरी सर्व टाक्यांची हवा एकाच मोठ्या पंपावर चालविण्याचा विचार मनात येतो, आणि तो विचार घेऊन गृहस्थ क्रॉफर्ड मार्केटात किंवा कुर्ल्यास गेला, की दुकानदार त्यास एकच प्रश्न करतो : "टाक्या किती?" उत्तर ऐकताच तो फळीवरील सर्वांत जड यंत्र खाली उतरवतो आणि म्हणतो, "हा न्या, पुढे चिंता नको." माझे म्हणणे असे की, दुकानदाराचा प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसरा आहे, पहिला प्रश्न, पंप बंद पडला तर तुमचे मासे किती तास जगतील, हा आहे, आणि त्याचे उत्तर हाती आल्यावाचून पंपाची किंमतसुद्धा विचारू नये.

पंप पाण्यात प्राणवायू कोंबतो, ही समजूत सार्वत्रिक आहे आणि पुष्कळ अंशी ती भ्रामक आहे. बुडबुड्यास तळापासून वर यावयाला जो क्षणभर अवधी लागतो तेवढ्यात त्यातील प्राणवायूचा अल्पसा अंशच पाण्यात उतरतो. त्याचे खरे कार्य हमालाचे आहे. तळाचे शिळे पाणी वर आणावयाचे आणि पृष्ठभाग हालता ठेवावयाचा, म्हणजे हवेशी देवघेव पाणी आपली आपण करते. ही हमाली करता करताच तो स्पंज फिल्टरमधून पाणी ओढून नेतो, आणि त्या स्पंजाच्या रंध्रांत वस्तीस असलेले जिवाणू माशांच्या उत्सर्गातून निर्माण होणाऱ्या विषारी अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर त्या मानाने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हमाल थांबला की दोन्ही कामे थांबतात, आणि माशांप्रमाणेच ते जिवाणूही गुदमरू लागतात.

१८५० साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने दोन सोनेरी मासे, व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती आणि कुजकी पाने खाऊन टाकणाऱ्या काही गोगलगायी एका पात्रात एकत्र नांदवून दाखविल्या, तेव्हा त्यांना हवा पुरविणारा विजेचा पंप त्याच्यापाशी नव्हता. पाण्याचा पृष्ठभाग आणि वनस्पतींचा हिरवा पसारा जेवढा, तेवढीच माशांची संख्या, हा निर्बंध त्या काळच्या मत्स्यपालकावर निसर्गानेच घातलेला होता. पंपाने तो निर्बंध उठविला. परंतु त्याने आपली ऐपत वाढली असे नव्हे. कर्ज मिळू लागले, इतकेच. स्थिर पाणी ज्याला पोसू शकले नसते असा प्रत्येक मासा पंपाच्या खात्यावर उधार जगत असतो, आणि सावकार दार ठोठावतो त्या दिवसाला आपल्याकडे भारनियमन म्हणतात.

या सावकाराची ओळख महाराष्ट्रास करून द्यावी लागत नाही. दोन हजार पाचच्या पुढची काही वर्षे ज्यांनी येथील लहान गावांत काढली त्यांच्या दिनचर्येचे वेळापत्रकच त्याने लिहून दिले होते. मुंबईकरांस त्याचा उपद्रव क्वचितच होतो खरा; पण १२ ऑक्टोबर २०२० रोजी भर सकाळी त्या महानगराची वीज गेली आणि ती पूर्ववत होण्यास कित्येक तास लागले, आणि त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळल्यानंतर श्रीवर्धन-दापोलीकडील गावांनी अनेक दिवस अंधारात काढले. त्यात ऋतूचीही फितुरी असते. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांस जेमतेम साडेसात. उलट ऊन पाण्यात माशांची प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे ज्या महिन्यात उत्पन्न घटले आणि खर्च वाढला, नेमकी त्याच महिन्यात वसुली यावी, असा हा प्रकार आहे.

हे ध्यानात ठेवून आता पंपाच्या हिशेबाकडे वळू. माझ्या खोलीत अठरा टाक्या आहेत आणि त्यांतील सर्वांत खोल टाकीत ४० सेंटिमीटर पाणी असते. एका स्पंज फिल्टरास मिनिटाला दीड लिटर हवा धरली तर अठरांस २७ लिटर होते. सांध्यांतील गळती आणि पिलांसाठी ऐन वेळी मांडाव्या लागणाऱ्या बरण्या यांच्याकरिता त्यात तृतीयांशाची भर घातली, की ३६ लिटर. मात्र पेटीवर छापलेला आकडा पुष्कळदा मोकळ्या हवेतला असतो, आणि पाण्याचा दाब पडताच तो खाली येतो. एक मीटर खोलीस सुमारे १० किलोपास्कल दाब लागतो, म्हणून ४० सेंटिमीटरला ४. त्यात नळ्या, कॉक आणि एअर स्टोन यांचा अडथळा मिळवून तो दुप्पट धरावा. तेव्हा खरेदी करावयाचा पंप हा ८ ते १० किलोपास्कल दाबावर ३६ ते ४० लिटर हवा देणारा हवा, एवढाच याचा निष्कर्ष. आणि ज्या यंत्रासोबत दाब व हवा यांचा संबंध दाखविणारा आलेख मिळत नाही ते यंत्र, कितीही जड असले तरी, परत फळीवर ठेवावे.

अशा पंपाचे उमेदवार तीन. रंगाऱ्याकडील कॉम्प्रेसर दाबाने प्रचंड. पण त्याची रचना अष्टौप्रहर चालण्यासाठी केलेली नसते, त्याच्या आवाजाने शेजारी तक्रार घेऊन येतो, आणि तेलावर चालणारा असल्यास हवेबरोबर तेलाचा अंश टाक्यांत उतरण्याचे भय राहते. सबब तो बाद. ब्लोअर हवा भरपूर देतो आणि शंभर टाक्यांच्या कारखान्यास तो शोभतो. परंतु त्याचे तोंड आवळले की तो तापतो, म्हणून जास्तीची हवा सोडून द्यावी लागते आणि सोडलेल्या हवेचेही बिल भरावे लागते. उरला लिनिअर पंप, ज्यात विद्युच्चुंबक दट्ट्याला किंवा रबरी पडद्याला मागेपुढे हालवितो. तो शांत असतो, वर्षानुवर्षे चालतो, आणि आपल्या गरजेची ३६ ते ४० लिटर हवा सुमारे ४० वॅटमध्ये देतो. अहोरात्र चालविला तर महिन्यास २९ युनिट होतात. चार-चार वॅटच्या अठरा छोट्या पंपांस ५२ युनिट, आणि पाव किलोवॅटच्या ब्लोअरला १८०. घरगुती मत्स्यखोलीचा निवाडा मी या तिसऱ्या उमेदवाराच्या बाजूने देतो.

येथे एक आक्षेप निघतो आणि तो उपेक्षणीय नाही. साऱ्या टाक्यांची मुखत्यारी एका यंत्रास देण्यापेक्षा अठरा छोटे पंप बरे नव्हेत काय, कारण त्यांतला एक मेला तर एकच टाकी धोक्यात येते? यंत्राच्या बिघाडापुरते हे बरोबर आहे. परंतु ते अठराही पंप एकाच मीटरवर, बहुधा एकाच बोर्डावर, अडकवलेले असतात; वीज गेली की अठराही एकाच क्षणी गप्प होतात, आणि तेवढ्यांना पर्यायी वीज पुरविण्याची तजवीज कोणी केलेली नसते. हे विकेंद्रीकरण दिसण्यापुरते आहे. एकच पंप असला, तर त्याच्या शेजारी एक नायब नेमणे आणि दोघांमागे बॅटरी उभी करणे सुकर होते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री १,८०० वॅट-तास असतात. व्यवहारात निम्मेच हाती लागतील असे धरले, तरी ४० वॅटचा पंप त्यावर वीस तासांहून अधिक चालेल. पाव किलोवॅटचा ब्लोअर चार तासही काढणार नाही. दुकानदाराने "पुढे चिंता नको" म्हणून दिलेले बळ नेमके संकटसमयीच असे भारभूत होते. इन्व्हर्टर मात्र साइन वेव्हचा घ्यावा. चौकोनी लहरींवर असले पंप घरघरतात आणि तापतात.

पंप आणल्यानंतरची व्यवस्था थोडक्यात सांगता येते. हवा स्वभावतः पक्षपाती आहे. जेथे अडथळा कमी तेथे ती धावते, उथळ टाकीत धो धो बुडबुडे येतात आणि खोल टाकी कोरडी राहते. म्हणून जाड पीव्हीसी पाइप खोलीभोवती फिरवून त्याचे दुसरे टोक आरंभास जोडावे, म्हणजे दाब सर्वत्र जवळजवळ समान राहतो, आणि प्रत्येक टाकीस स्वतंत्र कॉक द्यावा. पंप पाण्याच्या पातळीहून उंच ठेवावा, नाही तर तो थांबताच पाणी नळीतून उलटे येऊन यंत्रात शिरते.

मात्र पंप ज्या खोलीतून हवा ओढतो तेथे डासांचे यंत्र किंवा कॉइल लावू नये, ही एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवावी. या औषधांतील पायरेथ्रॉइड वर्गाची द्रव्ये माणसास त्या मानाने सोसतात, पण माशांस ती अत्यंत जहाल असतात. आणि एकाच नाकाने श्वास घेणाऱ्या खोलीत ते विष अठराही टाक्यांत सारखे वाटले जाते.

आता पहिल्या प्रश्नाकडे परत येतो, कारण मी स्वतः त्याचे उत्तर उशिराच शोधले. पंप खरेदी करण्यापूर्वी एका रविवारी दुपारी मी खोलीतील सर्व बटणे बंद केली आणि खुर्ची टाकून टाक्यांसमोर बसलो. फायटर आणि गुरामी यांस मी परीक्षेतून वगळले होते, कारण पृष्ठभागी येऊन हवेतला श्वास घेणे हा त्यांचा जन्मजात धर्म आहे. चाळीस मिनिटांत चार टाक्यांतील मासे वर येऊन तोंडे वासू लागले, आणि मी घाईने बटणे दाबली. उरलेल्या टाक्यांत अद्याप कोणाच्या श्वासात फरक पडलेला नव्हता. त्या चार टाक्यांचे कर्ज मजजवळ लेखी आले. पुढील महिनाभरात त्यांतील निम्मे मासे मी शेजारच्या मुलांना आणि एका शाळेच्या हौदाला देऊन टाकले, आणि मग बाजारात गेलो. पंप घेऊन आलो तो दुकानदाराने दाखविलेल्यापेक्षा दोन आकारांनी लहान होता; उरलेल्या पैशांत त्याचा नायब आला.