खड्डा कुणाचाही असो, उजेड माझा होता

रविवारी सकाळचे साडेसहा. कर्वेनगरमधली आमची नेहमीची टपरी. प्लॅन सिंहगडचा असतो, पण पहिला चहा झाल्याशिवाय कुणी हलत नाही. रांगेत पाच-सहा बाइक्स, एक सेकंडहँड स्विफ्ट, कुणाच्या तरी काकांची थार आणि माझी स्कूटर. मग गप्पा सुरू होतात, त्या दोनच विषयांवर.

पहिला विषय, कोण कुठं थोडक्यात वाचलं. ‘राजाराम पुलाकडून येताना ते ड्रेनेजचं झाकण बघितलंस? चार बोटं खाली गेलंय, माझं रिम वाकलं.’ ‘ताम्हिणीत वळणावर खडी पसरली होती, मागचं चाक गेलंच होतं भावा.’ ‘नवले पुलाच्या उतारावर आरशात बघितलं तर मागं ट्रक, मी सरळ कडेला.’

दुसरा विषय, कुणी गाडीला नवीन काय लावलं. ‘आवाज ऐक फक्त!’ असं म्हणून एकजण किल्ली फिरवतो आणि समोरच्या सोसायटीतली दोन कुत्री उठून भुंकायला लागतात.

तुमचाही असा एखादा कट्टा असेलच. मला हा कट्टा मनापासून आवडतो. गाडीवर जीव टाकणारी सगळी पोरं हुल्लडबाज असतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा येऊन ऐकावं. पुण्यातल्या रस्त्यांचं एवढं ताजं ज्ञान दुसरीकडे कुठं मिळणार नाही. पण आमच्या या दोन विषयांची एकमेकांशी कधी गाठच पडत नाही. ज्या रस्त्यावर आपण पडता पडता वाचलो, त्याच रस्त्यावर आपण गाडीला लावलेल्या वस्तूमुळं दुसरा कुणी पडू शकतो, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात येत नव्हतं. माझ्याही नाही.

दोन वर्षांपूर्वी मी स्कूटरच्या हेडलाइटमधला जुना बल्ब काढून पांढराशुभ्र एलईडी टाकला. ऑनलाइन मागवला, गॅरेजवाल्या दादांनी दहा मिनिटांत बसवून दिला. टपरीवर कौतुक झालं. जुलैतली संध्याकाळ होती, पाऊस होता. आतल्या एका गल्लीत केबलसाठी खोदलेला चर नीट बुजवला नव्हता. मला तो माहीत होता. आदल्याच रविवारी त्याची गोष्ट मी सगळ्यांना सांगितली होती. समोरून एक काका स्कूटरवर आले. त्यांनी एक हात डोळ्यांवर आडवा धरला, एवढं मला दिसलं. पुढच्या क्षणी त्यांचं चाक चरात गेलं.

मनगट मोडलं. रिक्षात बसताना ते माझ्यावर ओरडलेसुद्धा नाहीत. ‘काही दिसलंच नाही गं बाळा,’ एवढंच म्हणाले.

टपरीवर सगळ्यांनी चर खोदणाऱ्यांना शिव्या घातल्या. मीही घातल्या. कितीतरी दिवस मी ही गोष्ट ‘खड्ड्यामुळं पडलेले काका’ अशीच सांगत होते. पण खड्डा कुणाचाही असो, उजेड माझा होता.

मग मी हेडलाइट नेमका चालतो कसा, ते समजून घेतलं. माझ्या स्कूटरला मुळात ३५ वॉटचा साधा हॅलोजन बल्ब होता. त्यातली तापून पेटणारी तार एका ठरावीक जागी असते आणि मागचा आरसा त्या जागेच्या हिशेबानंच घडवलेला असतो. म्हणून लो बीमचा उजेड खाली रस्त्यावर पडतो, समोरच्याच्या तोंडावर जात नाही. त्याच आरशापुढं वेगळ्या आकाराचा एलईडी बसवला की उजेडाचा उगम बदलतो आणि उजेड सैरावैरा पसरतो. आपल्याला वाटतं, वा, काय झगमगाट! समोरच्याला काही क्षण रस्ताच दिसत नाही. वय जास्त असेल तर डोळे सावरायला आणखी वेळ लागतो. कंपनीनंच एलईडी दिला असेल तर त्याच्यासाठी सगळी रचना वेगळी केलेली असते. नुसता बल्ब बदलणं म्हणजे ते नव्हे.

गंमत बघा. ज्या टेकडीला आपण एआरएआय टेकडी म्हणतो, जिथं सूर्यास्ताचे फोटो काढायला जातो, तिचं नाव १९६६ मध्ये सुरू झालेल्या ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’वरून पडलंय. गाडीचं मॉडेल बाजारात येण्याआधी त्याचे ब्रेक, दिवे, हॉर्न, आवाज, धूर हे सगळं अशा संस्थांमध्ये तपासलं जातं. कर्वेनगरपासून काही किलोमीटरवर एवढा खटाटोप चालतो आणि आपण तो एका पान्यानं दहा मिनिटांत मोडीत काढतो.

आता टपरीवरच्या बाकीच्या गोष्टी आठवा. थारला लावलेला तो भक्कम बुलबार. गाडीचा पुढचा भाग धडकेत चेपावा आणि धक्का तिथंच जिरावा, अशी त्याची रचना असते. एअरबॅगचे सेन्सर त्याच हिशेबानं लावलेले असतात. पुढं लोखंडी दांडा आला की हिशेब बिघडतो. पायी चालणाऱ्याला तो लागला तर विचारायलाच नको. म्हणूनच केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना बुलबारवर कारवाई करायला सांगितलं होतं. खाली घेतलेली स्विफ्ट स्पीडब्रेकरला घासते, म्हणून ती तिरकी घ्यावी लागते आणि शेजारून येणारी स्कूटर गडबडते. फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरमुळं मागच्या ॲम्ब्युलन्सचा आवाज ऐकू येत नाही. ‘क्लीन लूक’साठी आरसे काढले, तर उतारावर मागून येणारा ट्रक दिसणार कशात?

तो उतार काय चीज आहे, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री नवले पुलाजवळ एका अवजड वाहनाच्या धडकेनंतर कितीतरी वाहनांचं नुकसान झालं होतं. तिथं धोका आहे हे आपल्याला इतकं नीट माहीत असताना आपणच आरसे काढून ठेवायचे?

कायदा काय म्हणतो, तेही माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. सीएनजी किटसारखे बदल रीतसर करून आरसीवर नोंदवता येतात. पण चोरून केलेला बदल विम्याचा क्लेम करताना अंगाशी येऊ शकतो.

इथं तुम्ही म्हणाल, ‘रस्ते असे आणि दंड आम्हालाच?’ प्रश्न रास्त आहे, मीही हेच म्हणायचे. पण त्याच २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९८ ए आलंय, याची टपरीवर कुणालाच कल्पना नव्हती. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार केली नाही आणि त्यामुळं कुणाचा जीव गेला किंवा कुणाला अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. स्पीडब्रेकरचंसुद्धा माप ठरलेलं आहे. ‘इंडियन रोड्स काँग्रेस’च्या मानकाप्रमाणे गोलाकार स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, त्यावर पट्टे असावेत, अलीकडं फलक असावा. आता तुमच्या गल्लीतला तो डोंगर आठवा! आणि मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळं मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख रुपये, तर जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

म्हणजे रस्त्याबद्दल भांडायला कायदा आपल्या हातात आहे. नसतो तो पुरावा. आपल्या गोष्टी चहाच्या ग्लासाबरोबर संपतात. म्हणून आम्ही टपरीवर एक नियम केला. खड्ड्याची गोष्ट सांगायची तर फोटोसकट सांगायची आणि चहा संपायच्या आत तक्रार टाकायची. पुण्यात ‘पीएमसी केअर’ ॲप त्यासाठीच आहे. फोटो, नेमकी जागा, तारीख टाका आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. उद्या तिथं कुणी पडलं तर ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ असं म्हणायची सोय कुणालाच राहत नाही.

आणि गाडीवर खर्च करायची हौस? ती अजिबात मारू नका. फक्त क्रम बदला. टायरवरच्या खाचांमध्ये झीज दाखवणारे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की बदला. मग ब्रेक पॅड, आयएसआय मार्कचं हेल्मेट, स्वच्छ हेडलाइट काच. यातलं काहीच रीलमध्ये भारी दिसत नाही, हे मान्य. पण पावसात ओल्या उतारावर ब्रेक दाबाल, तेव्हा हेच उपयोगी पडणार आहे.

मी माझा जुना बल्ब परत बसवला. काकांचं मनगट बरं झालंय. भाजी घेताना कधीतरी भेटतात, हसतात. मला मात्र अजून नीट हसता येत नाही.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून आज रात्री एवढं करा. गाडी भिंतीपासून दहा पावलांवर उभी करा आणि लो बीम लावा. उजेडाची वरची कड भिंतीवर स्पष्ट रेषेत थांबते का, बघा. थांबत नसेल आणि उजेड वर छतापर्यंत पसरत असेल, तर रोज तो कुणाच्या तरी डोळ्यांत जातोय. उद्या सकाळी कॉलेजला जाण्याआधी गॅरेजला जा.