देवाचे भय की शेजाऱ्याची नजर?

खेड्यातला माणूस झाड का राखतो, ह्या प्रश्नाला शहरात दोन ठरलेली उत्तरे मिळतात. एक म्हणतो, तो अडाणी आहे, देवाला भितो. दुसरा म्हणतो, छे, तो फार शहाणा. त्याच्या पूर्वजांना सारे विज्ञान ठाऊक होते! पहिला आम्हांला खुळे ठरवतो, दुसरा ऋषी. चारचौघांसारखी माणसे मात्र कोणीच मानत नाही.

आमच्या मालवण तालुक्यातली गावपळण घ्या. मसुऱ्याजवळच्या आचऱ्यात काही वर्षांच्या अंतराने रामेश्वराचा कौल होतो आणि गुराढोरांसह सारा गाव तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतो. पोलीस लागत नाही, की दंडाची पावती लागत नाही. भुतांचे भय म्हणावे, तर शिकलेसवरलेले मुंबईकर चाकरमानीही त्या झोपड्यांत हौसेने येऊन राहतात! कारण साधे आहे. मानकरी निघतो तसा गडीही निघतो; सूट कोणालाच नाही. ‘मी एकट्यानेच का सोसावे?’ हा प्रश्न तिथे उरतच नाही.

आता देवराई पाहा. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावाने १९७०च्या दशकात काळकाईची राई वाचवावी म्हणून वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ ह्या संशोधकांना हाक घातली. राईवर कुऱ्हाड चालवायला निघाले होते ते खुद्द वनखाते! गावकऱ्यांना देवी प्यारी होतीच. पण गावाला पाणी देणारा ओढाही त्या राईतूनच निघत होता. देवीचे नाव आणि घागरीतले पाणी ह्यांत त्यांना भेद दिसला नाही. मग आपणच तो का पाडावा?

व्हाळावरच्या बंधाऱ्याचेही हेच. पाऊस सरला की वायंगणासाठी घरटी एक माणूस दगडमाती घेऊन उभा राहायचा. जो येत नसे, त्याचा कुणगा सगळ्यांना दिसे. जिथे वायंगण ओस पडले, तिथे बांध घालणारे हातही घटले. पाण्याची गरजच सरल्यावर ‘पाणी अडवा’चे फलक कोणासाठी?

राज्यात २०००-०१ साली संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. त्याला मी नावे ठेवणार नाही. बक्षिसाच्या निमित्ताने का होईना, गावे झाडली गेली. पण बक्षीस एकदाच मिळते, आणि कचरा रोज पडतो. शिवाय ज्यांचे नाव घेतले, ते बाबा गावात शिरताच आधी स्वतः खराटा हाती घेत, कीर्तन रात्री.

नेमके हेच आज उलटे झाले आहे. खाडीतली वाळू रात्री चोरून उपसणारा मोकळा सुटतो, आणि बाजारात मासे विकणाऱ्या बाईला प्लॅस्टिकच्या पिशवीवरून व्याख्यान ऐकावे लागते. ती बाई निसर्गाची वैरीण नव्हे. तिला हिशेब कळतो, एवढेच.

तेव्हा खेडुतांत ‘जागृती’ करायला निघालेल्यांनी आधी राई, व्हाळ आणि खाडी ग्रामसभेच्या ताब्यात द्यावी, आणि नियम मोडणाऱ्या पहिल्या बड्या माणसाला गावासमोर उभे करावे. मग फलक रंगवण्याचा खर्च वाचेल.