स्वभावाला नावं ठेवण्याआधी रक्त तपासा

संपादक महोदय,



‘आजच्या तरुणांत सोसण्याची ताकदच उरलेली नाही’ हे आपल्या अंकातल्या एका वाचकाचं मत वाचलं. मला ते अजिबात पटलं नाही. मनाचा खंबीरपणा नुसत्या निश्चयावर आणि संस्कारांवर उभा राहत नाही. झोप, रक्त, संप्रेरकं आणि मेंदू यांनी साथ दिली तरच तो टिकतो.

कोप्पीकर रोडवर माझं औषधांचं दुकान आहे. आसपासच्या कापडदुकानांतल्या मुली दिवसभर उभ्या राहून साड्या उलगडतात आणि संध्याकाळी ‘काका, अंगात त्राणच नाही, ताकदीचं काहीतरी द्या’ म्हणत येतात. त्यांतल्या एकीला मालक आळशी म्हणायचा, घरचे रडकी. वजन वाढत चाललेलं, केस गळत होते, भर उन्हाळ्यात पंखा सोसवत नव्हता. टॉनिक न देता मी तिला डॉक्टरांकडे पाठवलं. तपासणीत थायरॉइड मंदावल्याचं निघालं. रोज उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत ती पुन्हा हसून गिऱ्हाइकाशी बोलू लागली. इतके दिवस तिने जी बोलणी खाल्ली, ती कोण परत घेणार? बी-12 किंवा लोह कमी पडलं तरी माणूस चिडका, विसराळू, उदास होऊ शकतो.

झोपेचंही तेच. 2007 साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, रात्रभर जागवलेल्या तरुणांना त्रासदायक चित्रं दाखवली. मेंदूतला भीती-रागाशी निगडित अमिग्डाला हा भाग त्यांच्यात सुमारे 60 टक्के जास्त उसळला आणि त्याला आवरणाऱ्या कपाळामागच्या भागाशी त्याचा दुवा सैल पडला. दिवाळीच्या हंगामात रात्री उशिरा घरी पोचणाऱ्या पोरांनी शांत डोक्याने वागावं, ही अपेक्षा मला निर्दयपणाची वाटते.

कुणी आपल्याच हुबळीच्या गायिका गंगूबाई हनगल यांचं उदाहरण देईल. त्यांनी गरिबी सोसली, जातीवरून हेटाळणी सोसली, हे खरंच. पण मुलीच्या गाण्यासाठी स्वतःचं कर्नाटकी गायन बाजूला ठेवणारी आई त्यांना लाभली होती. कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे मिळालेली तालीम होती, जन्मभराचा रियाज होता. खंबीरपणाला असा आधार लागतो. जबाबदारी कुणाचीच सुटत नाही. आधी आधार द्या, मग जाब विचारा.

असा आधार कायदाही देऊ शकतो: केरळने 2018 मध्ये आणि तामिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांसाठी बसण्याची सोय कायद्याने सक्तीची केली. आमच्या रस्त्यावरच्या व्यापाऱ्यांनी कुणी सांगायची वाट न पाहता स्टुलं ठेवावीत. मनाच्या आधारासाठी धारवाडला 1845 पासून मनोरुग्णालय आहे, आज ते डिमहान्स म्हणून चालतं. तरी वेडाचा शिक्का बसेल म्हणून बरेच लोक तिकडे फिरकत नाहीत. त्यांना निदान टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक ठाऊक हवा. आणि महापालिकेने दिवाळीआधी इथल्या कामगारांसाठी थायरॉइड, बी-12 व हिमोग्लोबिन तपासणीचं शिबिर घ्यावं. रक्त घ्यायला जागा लागली तर माझ्या दुकानाचा पुढचा भाग मी त्या दिवशी मोकळा करून देईन.

आपला,
एक औषधविक्रेता,
कोप्पीकर रोड, हुबळी