वळिवडे, व्हाया सायबेरिया

लग्नाचा बस्ता म्हटलं की कोल्हापूरकरांची गाडी आपोआप गांधीनगरकडे वळते. बॉस, पण १९४३ ते १९४८ या काळात इथंच, वळिवडे कॅम्पात, सुमारे ५,००० पोलिश माणसं राहायची. बहुतेक बायका नि पोरं. स्टालिननं १९४०-४१ मध्ये त्यांना घरातून उचलून, मालगाड्यांत कोंबून सायबेरिया-कझाकस्तानात टाकलं होतं.

आता जरा ‘जर-तर’ खेळू. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर चालून गेलाच नसता तर? स्टालिनला पोलंडची गरज पडली नसती. जुलैचा करार नाही, ऑगस्टची सुटका नाही. मग इराणमार्गे इथं येणार कोण?

कल्पना तरी कशाला करायची? त्याच ऑगस्टमध्ये स्टालिननं व्होल्गाकाठच्या जर्मनांना तिकडंच धाडायचं फर्मान काढलं. त्यांच्यासाठी करार करायला कुणीच नव्हतं. १९५५ पर्यंत त्यांना नेमून दिलेली जागा सोडायची मुभा नव्हती. मुलूख तोच, महिना तोच. नशीब मात्र वेगळं!

पोलिश गेले, फाळणीत घर गमावलेले सिंधी आले, कॅम्पाचं गांधीनगर झालं. पुढच्या खेपेला साड्या घेऊन झाल्या की महावीर गार्डनमधल्या पोलिश स्मृतिस्तंभापाशी पाच मिनिटं थांबाच. ‘बाहेरचे लोक’ हा शब्द तिथं जरा जड जातो.