विश्लेषण : द्राक्षाच्या काड्या जाळायच्याच, तर कुठे आणि कशा?

ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली, की निफाड, दिंडोरी, चांदवडच्या द्राक्षबागांत काड्यांचे ढीग लागतात. एप्रिलच्या खरड छाटणीतही तेच. काही बागायतदार काड्यांचा भुगा करून वेलीखाली आच्छादन करतात, पण अनेकांकडे ढीग बांधावरच पेटतो. दुसरीकडे नाशिक शहर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात आहे आणि एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र कोळशावर चालते. मग या काड्यांपासून ऊर्जा का मिळवू नये? मिळवावी, पण घाईने नव्हे.

धूर म्हणजे नेमके काय?

धूर म्हणजे बऱ्याच अंशी न जळलेले इंधनच. लाकूड तापले की त्याच्या कोरड्या वजनाचा सुमारे ७० ते ८० टक्के भाग आधी वायूरूपाने बाहेर पडतो. हे वायू पूर्ण जळण्यासाठी पुरेसे तापमान, हवेशी चांगली मिसळण आणि थोडा वेळ लागतो. बांधावरच्या ढिगात यातले काहीच धड मिळत नाही. वायू वर जाताच थंड होतात आणि त्यातून काजळी, कार्बन मोनॉक्साइड व २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण तयार होतात. काडी ओली असेल तर आगीची बरीचशी उष्णता पाणी उडवण्यातच जाते.

भट्टीत काय बदलते?

चांगल्या भट्टीत हवा दोन टप्प्यांत देतात. थोडी खालून आणि उरलेली वर, वायू जिथे जळतात तिथे. त्यामुळे धूर कमी होतो आणि नायट्रोजन ऑक्साइडही आटोक्यात राहतात. उरलेली धूळ पकडण्यासाठी बाहेर जाणाऱ्या वायूच्या मार्गात यंत्रणा बसवावी लागते. स्वस्तातले सायक्लोन जाड धूळ अडवते, पण फुप्फुसात खोल जाणारे बारीक कण त्यातून निसटतात. त्यासाठी कापडी पिशव्यांचे फिल्टर किंवा विजेच्या भाराने कण ओढून घेणारी यंत्रणा लागते. ‘हरित इंधन’ वापरणाऱ्या बॉयलरला फक्त सायक्लोन असेल, तर त्याचे कौतुक बेतानेच करावे.

द्राक्षाची काडी वेगळी का?

कारण तिच्यावर मोरचूद असते. बोर्डो मिश्रणाच्या फवारण्यांमुळे सालीवर तांबे राहते. इंधनात क्लोरीन असेल आणि धूर साधारण २५० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळला, तर तांबे डायॉक्सिनसारखी घातक संयुगे तयार व्हायला मदत करते. शिवाय शेतातल्या काडीकचऱ्यातील पोटॅशियममुळे राख कमी तापमानाला वितळून बॉयलरच्या नळ्यांना चिकटते. म्हणून काडीची ओल, राख, क्लोरीन आणि तांबे मोजल्याशिवाय तिचे पेलेट सरसकट विकणे योग्य नाही.

एकलहऱ्यात मागणी किती?

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०२१ मध्ये औष्णिक केंद्रांत कोळशासोबत ५ टक्के बायोमास पेलेट जाळण्याचे धोरण आणले. २०२३ च्या सुधारणेनुसार २०२४-२५ पासून ५ टक्के आणि २०२५-२६ पासून ७ टक्के असे उद्दिष्ट ठरले. एकलहऱ्यात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. एका युनिट विजेला ०.७ किलो कोळसा धरला, तर पूर्ण क्षमतेने चालताना दिवसाला दहा हजार टनांहून थोडा जास्त कोळसा लागेल. त्याचे ५ टक्के म्हणजे रोज सुमारे ५०० टन. काड्या मात्र वर्षातून दोनदाच निघतात. त्या वाळवणे, साठवणे आणि वाहून नेणे हाच खरा खर्च आहे.

महाराष्ट्रात अनुभव आहे का?

आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी उसाच्या पाचटासारख्या हलक्या काडीकचऱ्यापासून ज्वलनशील वायू तयार करणारी यंत्रणा विकसित केली. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेला पाचटापासून कोळसा तयार करण्याच्या कामासाठी २००२ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. दोन्हीकडे आधी आपल्या भागातला कचरा तपासला गेला आणि मग त्याला साजेशी भट्टी घडली.

मग करायचे काय?

काडीचा पहिला हक्क जमिनीचा. भुगा करून कुजवता येईल तेवढी काडी बागेतच राहावी. रोगट आणि उरलेली काडीच इंधनाकडे जावी. त्यासाठी गावपातळीवर भाड्याने मिळणारे भुगायंत्र हवे. नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी काडीची तपासणी करून आकडे जाहीर करावेत. सातपूर-अंबडच्या ज्या बॉयलरना चांगला फिल्टर आहे, त्यांनाच हे इंधन मिळावे.

बांध पेटवणाऱ्या शेतकऱ्याला नोटीस देणे सोपे आहे. पण छाटणीनंतर त्याच्याकडे मजूर कमी असतात, वेळ त्याहून कमी असतो आणि काडी न्यायला कोणी येत नाही. ती न्यायला गाडी येईल, तेव्हाच त्याला जाब विचारण्याचा अधिकार प्रशासनाला राहील.