अर्धवट शेवटाची तक्रार

‘द फॅमिली मॅन’ या वेब मालिकेचा तिसरा सीझन नोव्हेंबर 2025 मध्ये आला आणि शेवट अधांतरी सोडल्याबद्दल प्रेक्षक चिडले. हा राग मला रास्त वाटतो. यावर कुणी म्हणेल, 2019 चा पहिला सीझनही दिल्लीतल्या विषारी वायूचं काय होणार हे न सांगताच संपला होता. खरं आहे, पण तिथे दहशतवादी मूसाची गोष्ट त्याच्या मृत्यूपर्यंत पोचली होती, लोंबकळत राहिलं ते फक्त संकट. इथे जयदीप अहलावतने साकारलेला खलनायक रुक्मा निसटतो, नायक श्रीकांत सीमेवर कोसळतो, म्हणजे मूळ संघर्षच सुटत नाही. जास्त खटकतं ते नागालँडबद्दल. हिंदी पडद्याने इतकी वर्षं दुर्लक्षिलेला हा प्रदेश, तिथली भाषा, शांतता कराराचं राजकारण मालिकेने मोठ्या आस्थेने उभं केलं, आणि सात भागांतच तो धागा सोडून दिला. रहस्यकथेत उत्सुकता ताणायचीच, हा आक्षेपही मान्य. मात्र दुसऱ्या सीझननंतर चार वर्षांहून अधिक वाट पाहिलेल्या प्रेक्षकाला एक तरी प्रश्न पुरता सोडवून द्यायला हवा होता. निदान श्रीकांतचे वरिष्ठ कुलकर्णी यांच्या हत्येचा हिशेब तरी याच सीझनमध्ये लागायला हवा होता.