डेव्हलपर म्हणजे नक्की कोण?

पनवेलमध्ये कोणी "काय करता?" विचारलं आणि मी "डेव्हलपर आहे" म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "साइट कुठेय? रेट काय चाललाय?" मग सांगावं लागतं की बाबा रे, मी जावामध्ये कोड लिहितो, फ्लॅट विकत नाही. समोरच्याचा आदर लगेच निम्म्यावर येतो!

गंमत सोडा. पण हा 'डेव्हलप' शब्द कशालाही चालतो. बाळाची वाढ होते ती डेव्हलपमेंट. भिंतीला तडे गेले की 'क्रॅक डेव्हलप झाले'. पूर्वी फोटोचा रोल धुवायला टाकायचो, तो डेव्हलप होऊन यायचा. मी प्रोग्रॅम लिहितो ती डेव्हलपमेंट, आणि कोणी टेकडी फोडून भराव घालतो तीसुद्धा डेव्हलपमेंटच. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ गुंडाळलेलं उलगडणं. 'एन्व्हलप' त्याचाच भाऊ.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? आपल्या 'लागणे'चंच बघा. भूक लागते, ठेच लागते, दार लागतं, नोकरी लागते. मान्य! पण 'लागणे'मुळे कोणी फसत नाही. 'डेव्हलप'मध्ये मात्र दोन उलटे अर्थ एकाच तोंडाने बोलले जातात. बाळ आपलं आपण वाढतं. जमीन आपली आपण डेव्हलप होत नाही. ती कोणीतरी कोणाकडून तरी घेतो आणि कोणासाठी तरी तिच्यावर बांधतो. पहिल्या अर्थाचं पुण्य दुसऱ्याला फुकट मिळतं.

आणि आपण हा घोळ जसाच्या तसा मराठीत आणला. विकास म्हणजे खरं तर उमलणं. फूल विकसतं, त्याला 'विकासक' लागत नाही. पेपरातल्या विकासकाला मात्र सातबारा लागतो.

हा नुसता शब्दांचा कीस नाही, मंडळी. 1970 साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के 'विकसित' भूखंडाची योजना आली. पुढे विमानतळासाठी दहा गावं उठली, उलव्याची टेकडी कापली, नदीचं पात्र वळवलं. 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालं, 25 डिसेंबरला विमानं उडायला लागली. 2013 पासूनच्या 'नैना' क्षेत्रात तर हिशोब असा, की शेतकऱ्याने शंभर द्यायचे आणि चाळीस परत घ्यायचे. का? तर ते चाळीस 'विकसित' असतात!

विमानतळ नको असं मी म्हणत नाही. मीही तिथूनच उडणार. चाळीसचा सौदा कदाचित फायद्याचाही असेल. पण तो सौदा आहे, उमलणं नव्हे. सौदा म्हटलं की माणूस भाव विचारतो. विकास म्हटलं की विचारणाराच विकासविरोधी ठरतो. या शब्दाची खरी कमाल ही.

आणि आपण फ्लॅटवाले? आमच्या इमारतीच्या ब्रोशरवर 'फुल्ली डेव्हलप्ड एरिया' असं छापलं होतं. मे महिन्यात टँकर येतो. डेव्हलप नक्की काय झालं होतं, हे कोणी विचारलंच नव्हतं.

आमच्या धंद्यात "फीचर डेव्हलप केलं" एवढं सांगून भागत नाही. काय बदललं, कोणी बदललं, काय मोडलं, सगळं नोंदवावं लागतं, नाहीतर टेस्टर ते परत पाठवतो. तेवढीच शिस्त इथे पाळा. रस्ता झाला असेल तर रस्ता म्हणा. टेकडी कापली असेल तर कापली म्हणा. जमीन घेतली असेल तर कोणाची आणि कितीला, तेही सांगा. मराठीत यातल्या प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र क्रियापद आहे, आणि प्रत्येक क्रियापदाला कर्ता लागतो. तो कर्ता लपवायला 'डेव्हलपमेंट'इतकी सोयीची जागा दुसरी नाही.